एकोणीस गोळ्या

एमिलसाठी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये
स्पॅगेटीचं जेवण ठेवलं होतं.
माणशी बारा डॉलर, पोरांना सहा.
चर्चमधल्या बायकांनी आदल्या रात्रीपासून सॉस ढवळला,
ओरेस्टने शिकारीची बंदूक सोडतीत लावली,
आणि ज्याला ती लागली त्याने गुपचूप परत केली,
घोंगडीत गुंडाळून, व्हॅनच्या मागच्या दाराने.
आमचं गाव असंच आहे. खाण मिटली, पोलादाची भट्टी विझली,
पण कुणी आजारी पडलं की पातेली निघतात.

नऊ हजार चारशे जमले.
गोळीच्या भाषेत
बावीस दिवस.

डॉक्टर तरुण होता, मायाळूही.
त्याला मी वाईट म्हणणार नाही.
त्याने कागदावर दोन रेषा काढून दाखवल्या.
दोन्ही खालीच उतरत होत्या,
निळी जरा रेंगाळत.
मधली फट माझ्या करंगळीएवढी.
ती अकरा आठवड्यांची, म्हणाला,
आणि तेही सरासरीने.
"टिकून राहा. पुढच्या वर्षी आणखी काहीतरी येईल."
बाहेर भिंतीवर रुपेरी केसांचं एक जोडपं
सायकलींवरून हसत निघालेलं.
सहा महिने पाहिलं मी त्यांना.
एकदाही घरी पोचले नाहीत.

विज्ञानाशी माझं भांडण नाही.
आमची नीना सातव्या महिन्यात जन्मली,
काचेच्या पेटीत, किटलीएवढी.
आज ती अठरा चाकांचा ट्रक हाकते
आणि मला फोनवर शिव्या शिकवते.
तेव्हा कुणी झाडपाला सांगायला आलं
तर दार उघडत नाही मी.
पण पेटीच्या त्या उपकारापोटी
पुढच्या प्रत्येक कागदावर
मी न वाचता सही करत गेले,
घरावरच्या दुसऱ्या कर्जाच्या कागदावरसुद्धा.
कुणी थांब म्हणालं नाही.
थांब म्हणणं हे कुणाचंच काम नव्हतं तिथे.

तळहातांची सालं निघाली त्याच्या.
कॉफी लोखंडासारखी लागायची.
शहरापर्यंत दोन तास, परत दोन तास,
एकतीस खेपा.
एकदा धरणाच्या वळणावर म्हणाला,
"व्हर्ना, गाडी घे बाजूला, रानहंस उतरलेत."
मी म्हणाले, स्कॅनला उशीर होईल.
तो काही बोलला नाही.
काच मात्र खाली केली,
आवाजापुरती.

डबीत एकोणीस उरल्या.
नर्स फोनवर म्हणाली, परत घेता येत नाहीत.
वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात कालवा,
पिशवीला गाठ मारा, कचऱ्यात टाका.
एकोणीस.
म्हणजे जवळजवळ सगळा हॉल,
पातेल्यांसकट.

चोथा वाडग्यात काढून बसले होते,
तर मागच्या दाराशी हालिना, ओरेस्टची.
कोट न घालताच आलेली.
"त्याचंही तेच निघालं," म्हणाली.
"विमावाले नाही म्हणतात."
तिने काही मागितलं नाही.
फक्त वाडग्याकडे पाहिलं,
मग डबीकडे.

माझ्याजवळ सांगण्यासारखं सगळं होतं.
निळी रेषा होती, लोखंड होतं,
बँकेचं पत्र फ्रिजवर चुंबकाखाली होतं.
आणि मी तोंड उघडणार
तोच तिने बोटांवर मोजून विचारलं,
"अकरा आठवडे म्हणजे
ईस्टरपर्यंत ना?"

मी चमचा खाली ठेवला.
खुर्ची ओढून दिली तिला.
आणि कुठून सुरुवात करावी ते न कळून
रानहंसांपासून सांगायला लागले.
डबी आमच्या दोघींच्या मध्ये होती,
झाकण घट्ट.